बुचूकभर दिवस

अंकुशनगर
८ डिसेंबर

माय,

लिहायचं लिहायचं म्हणून किती दिवस नुसतं टाळून राह्यलो. पेन नव्हता असं सांगणार होतो, पण टेम्पोत पेनांचं अख्खं खोकं पडलंय. संपतनं बादल्यांसोबत विकायला घेतल्तं, एकबी पेन खपला न्हाई. मंग म्हणलं टायर पंक्चर हाय, ते निघू दे. टायर निघालं. मंग म्हणलं चहा घेऊन लिहू. चहावाल्याचं कुत्रं लई गमतीदार, पाव दिला की आधी पुरून ठेवतं. त्याच्यात दुपार गेली. असं करत करत आज बसलो.

फोन का केला न्हाई म्हणशील. फोनवर तू आधी "जेवलास का" इचारतीस. मी काय जेवलो ते सांगतो, तू म्हणतीस त्यात तेल जास्त असंल, आन मूळ गोष्ट ऱ्हाऊन जाती. म्हणून कागदावर. फोटू काढून वंदनावहिनीच्या मोबाईलवर पाठवतो. वंदनावहिनी, अंगणवाडीत लेकरांना गोष्ट सांगता तसल्या आवाजात वाचू नका. आन मधलं काही गाळू नका, मायला कितीबी हात हलवू द्या.

धंदा तुला म्हाईत हाय. संपतचा टेम्पो, त्यात बादल्या, टब, डबे, खुर्च्या, आन टपावर भोंगा. भोंग्यात माझा आवाज. जालन्याला पैसे देऊन बाईचा गोड आवाज भरून मिळत होता, पण संपत म्हणला, "तुझं तोंड तसंबी बंद ऱ्हात न्हाई, तूच भर." मी मोबाईलमध्ये भरलं: बादली घ्या, टब घ्या, डबा घ्या, बुचूकभर पैशात घरभर सामान!

माय, तो शब्द कसला चालला! बदनापुरात, घनसावंगीत, जिथं जाईल तिथं बाया दारात येऊन इचारायच्या, "बुचूक म्हंजे काय रे? शिवी हाय का?" एक म्हातारा तर काठी घेऊन आल्ता. मी सांगायचो, बुचूकभर म्हणजे थोडं, एकदम उलसं. "मंग उलसं म्हण की सरळ!" मी म्हणायचो, ते सगळेच म्हणतात, हा माझा शब्द हाय, मी लहानपणी केलाय. बाया हसायच्या आन हसता हसता डबा घ्यायच्या. संपत म्हणला, "लेका, गिऱ्हाईक तुझ्या शब्दावर येतं, बादलीवर न्हाई."

माझा शब्द. तूच सांगितल्तंस ना? मी रांगून उभा राह्यलेला, खोकल्याच्या औषधाचं बूच माझ्या हातात, मी ते पुढं केलं आन म्हणलो बुचूक. तू म्हणलीस काय पाहिजे, मी म्हणलो बुचूकभर दे. तेव्हापासून आपल्या घरात मीठ बुचूकभर, ताप बुचूकभर, आबा रागावले तर बुचूकभरच. अख्ख्या हसनाबादेत दुसऱ्या कुणाच्या तोंडात न्हाई.

चौथीतलं आठवतं का? रामप्रसाद सरांनी 'थोडे' ह्याला दुसरा शब्द लिहायला सांगितल्ता. पोरांनी लिहिलं जरा, कमी, किंचित. मी लिहिलं बुचूकभर. सरांनी लाल रेघ मारली आन बाजूला लिहिलं, असा शब्द नाही. मी रडत घरी आलो. तू पीठ मळत होतीस, तशीच पिठाच्या हातांनी शाळेत गेलीस.

सर म्हणले, "द्वारकाबाई, पुस्तकात न्हाई तो."

तू म्हणलीस, "पुस्तकात कसा राहील? माझ्या लेकानं केलाय. तुमच्या पुस्तकाला अजून खबर लागली न्हाई."

सगळा वर्ग हसला, सरबी हसले. त्या दिवसापासून मी कितीबी नापास झालो तरी मनात एक होतं. दुनियेत लोक घरं करतात, पोरं करतात, कर्ज करतात. शब्द किती जण करतात?

आता हितलं सांगतो.

साखर कारखान्याच्या मागं ऊसवाल्यांच्या पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ हाय. अलीकडं एक हापसा, पलीकडं लिंबाचं झाड. सगळीकडं मळीचा वास, गोड आन आंबलेला. संपतला मळमळून आलं. मला भूक लागली. मी म्हणलं, बघ, वासावर भूक लागणारा माणूस तू पाह्यला का.

भोंगा चालू केला. बाया आल्या. माय, एकबी हसली न्हाई. एकीनंबी इचारलं न्हाई की बुचूक म्हंजे काय. उलटी एक बाई टबावर टिचक्या मारून दुसरीला म्हणली, "बुचूकभर पैसे म्हणतो आन भाव बघ मेल्याचा!"

मी म्हणलं, "मावशी, तुम्हाला बुचूकभर कळलं?"

"न कळायला काय झालं? आम्ही काय बहिऱ्या हाव का?"

"पण तो माझा शब्द हाय."

"मंग बादली फुकट दे, शब्द वापस घेऊन जा."

सगळ्या खिदळल्या. पण माझ्यावर, शब्दावर न्हाई. तेवढ्यात लिंबाच्या झाडाखालच्या दुकानातून एक म्हातारी आली, चतुराबाई. कमरेत वाकलेली, पण आवाज भोंग्याच्या वरचा. म्हणली, "भोंग्यात कोण बोलतं?"

"मीच, आजी."

"कुठला तू?"

"हसनाबादचा. भोकरदन तालुका."

"तिकडं बुचूकभर म्हणतात?"

"न्हाई. मी एकटाच म्हणतो, आन माझी माय. मी केलेला शब्द हाय."

ती इतकी हसली की खोकला लागला. आत गेली आन हातात एक वस्तू घेऊन आली. औषधाच्या बाटलीचं पत्र्याचं बूच, त्याला काडी ठोकलेली, छोट्या पळीसारखं. घासून घासून पातळ झालेलं.

"तू केलास म्हणतो? आन हे काय मंग?"

मंग तिनं माझ्या मायचं नाव इचारलं, बापाचं इचारलं. मी सांगितलं. तिनं माझा हात धरून मला दुकानात नेलं.

अजून लई काही म्हणली ती. आज ते लिहीत न्हाई. आधी तू सांग माय. हा शब्द कुठून आला? उलसंच सांग. वहिनी लिहून पाठवतील.

तुझा
कल्याण


अंबड
१२ डिसेंबर

माय,

वहिनींचा निरोप मिळाला. पत्र ऐकून तू उठलीस, शेळीला चारा टाकला, तिच्यापुढं आधीचा चारा तसाच असताना परत टाकला, आन एवढंच म्हणलीस, "त्याला म्हणावं घरी ये."

हे उत्तर न्हाई. 'घरी ये' हे तू मी दहावी नापास झालो तेव्हाबी म्हणल्तीस, संपतसोबत निघालो तेव्हाबी. मंग आता मीच सांगतो. तुझं तू ऐक, आन चुकलं तिथं मला टोक.

तू मला नेहमी सांगितलंस, माझा जन्म नगरकडचा. आबा चार साल बैलगाडी घेऊन ऊस वाहायला गेल्ते, नगरकडं. गावातबी हेच म्हाईत. मी नगरला गेलो तेव्हा तिथल्या स्टँडवर उगीच छाती फुगवून हिंडलो, आपलं जन्मगाव म्हणून. एका माणसाला सांगितलंबी. तो म्हणला, "बरं मंग?"

नगरकडं न्हाई माय. अंकुशनगरकडं. तू खोटं बोललीस असंबी म्हणता येत न्हाई. शब्दाचं पुढचं टोक उलसं गाळलंस बस. बुचूकभर.

चतुराबाईला आपल्या बैलांची नावं म्हाईत हायत. सोन्या आन पाखऱ्या. पाखऱ्या हापशावर पाणी प्यायला नखरे करायचा, बादली बदलली की तोंड फिरवायचा. हे आबा सांगायचे तसंच, शब्दाला शब्द. मी आबांची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकून राह्यलो होतो.

आता शब्दाचं ऐक. ती त्या ओळीत सुटं तेल विकायची. हंगामाच्या पहिल्या दिवसांत कुणाकडंच काही नसायचं. बाया वाटी पदराआड धरून यायच्या, 'थोडं द्या' म्हणायलाबी लाजायच्या. म्हणून तिनं औषधाच्या बाटलीचं बूच काडीला ठोकलं आन म्हणली, आजपासून माप हे. बाया म्हणू लागल्या बुचूकभर. तेलाचं झालं, मंग साखरेचं, मंग चहाच्या पत्तीचं, मंग कशाचंबी. झोप बुचूकभर, पाऊस बुचूकभर. त्या ओळीतच राह्यला तो शब्द. चतुराबाई म्हणली, "हापशाच्या पलीकडं कुणी म्हणत न्हाई बाबू. आन तू भोकरदनहून घेऊन आलास."

मी इचारलं, "म्हणजे थोडं, असंच ना?"

"थोडं म्हणजे थोडं. ते नेलं, संपलं. बुचूकभर म्हणजे परत येणार हाय ते. एवढ्याशानं कुणाचं भागतं? बुचूकभर नेलेला माणूस वापस येतोच. तसं सांगूनच न्यायचं असतं."

माय, मी इतके दिवस माझ्याच शब्दाचा अर्थ अर्धा वापरून राह्यलो होतो.

वहिनी, आता हळू वाचा.

तुमच्या शेजारच्या खोलीत नंदाबाई राहायची. तिचा नवरा ट्रॉलीखाली गेल्ता. तिला छातीचा रोग निघाला, रक्त पडायचं. जालन्याच्या दवाखान्यात ऱ्हावं लागणार होतं, लेकराला जवळ घ्यायची मनाई. तिनं लेकरू तुझ्या कडेवर दिलं. चतुराबाई तिथंच उभी होती. नंदाबाई म्हणली, "बुचूकभर दिवस सांभाळ गं द्वारके. मी आलेच."

बुचूकभर दिवस. तिनं शब्द बराबर वापरला होता. परत येणार म्हणून.

मंग हंगाम संपला. तुम्ही पहाटे गाडी भरली. चतुराबाईनं इचारलं, "अगं, पोराचं काय?" तू म्हणलीस, "नंदाला सांगा, आम्ही जाफराबादचे. बरी झाली की यावं आन घेऊन जावं."

जाफराबाद.

मी तुझ्या बाजूनं लई इचार केला. खरंच केला. संपतला म्हणलं, हसनाबाद, जाफराबाद, दोन्हीच्या शेवटी बाद हाय, घाईत माणसाच्या तोंडून एकाच्या जागी दुसरं निघू शकतं. संपत, जो टेम्पो बंद पडला तरी टेम्पोशी भांडतो, तो उठून बादल्या मोजायला लागला. तेव्हा मला कळलं की मी काय बोलून राह्यलो.

आन मंग एक एक करत सगळं उलगडायला लागलं. जाफराबादचं पाणी मला बाधतं, हे तूच सांगितल्तंस ना? लहानपणी तिथलं पाणी पिऊन मी मरता मरता वाचलो म्हणून. आत्याच्या लग्नाला आपण केवढा वळसा घेऊन गेल्तो. आबा त्या दिवशी अख्ख्या रस्त्यानं खिडकीबाहेर बघत होते, मला वाटलं रानं बघून राह्यलेत. मोठा झालो तरी मी तिकडं गेलो न्हाई. संपत म्हणायचा, "जाफराबादला बाजार चांगला भरतो रे." मी म्हणायचो, पाणी बाधतं. तो म्हणायचा, "तुला पाणी बाधतं? तू गटारावरचा वडा खातो!"

पाणी न्हाई बाधत माय. तिथं ती होती.

नंदाबाई बरी झाली. ओळीत आली, खोली रिकामी. निरोप ऐकला आन तशीच जाफराबादला गेली. गल्ली गल्ली फिरली. आबांची, तुझी, बैलांची खूण सांगत: भुजंग गाडीवाला, द्वारका, काळा बैल, बांडा बैल. कुणाला म्हाईत असणार? मंग तिथंच राह्यली. चतुराबाईला कधीमधी निरोप पाठवती. स्टँडसमोरच्या खानावळीत भाकऱ्या थापती. म्हणती, जाफराबादचे हायत म्हणल्यावर एखाद्या बाजाराला तरी येतीलच.

तिनं माझं दुसरंच नाव ठेवलेलं होतं. चतुराबाई सांगणार होती. मी कानावर हात ठेवले.

घर तुझं, भाकरी तुझी, मार तुझा, सगळं तुझं होतं. माझं म्हणून एक शब्द होता. तोबी तू मला चोरीचा दिलास. आन वरून शाळेत जाऊन पिठाच्या हातांनी भांडलीस. कशाला भांडलीस माय? मी त्या दिवसावर आजवर जगून राह्यलोय. तेवढं तरी भांडायचं न्हाई.

उद्या बादल्यांचा माल भरायचाय, परवा निघतो. मी जाफराबादला चाललोय. तिथलं पाणी पिणार हाय. वहिनी, हे वाक्य दोनदा वाचा.

कल्याण


जाफराबाद, स्टँडसमोर
१५ डिसेंबर

माय,

पाणी पिलो. काही झालं न्हाई.

खानावळीच्या समोर, रस्त्याच्या ह्या बाजूला एक सायकलवाला हाय. त्याच्या फळकुटावर बसून लिहून राह्यलो. तो सायकली कमी आन मोबाईलचे कव्हर जास्त विकतो. मला इचारलं, "अर्ज लिहितो का? कशाचा?" मी म्हणलं, घरी लिहितो. "घरी?" म्हणला, जसं काही मी टपाल खात्याचं भूत हाय. त्याच्याकडं एक घंटी हाय, पितळी, लई गोड वाजती. मी तीन वेळा वाजवली, मंग त्यानं ती आत ठेवली.

संपत टेम्पो घेऊन बाजाराच्या मैदानात हाय. मी त्याला सांगितलं, हितं भोंगा लावू नको. तो म्हणला, "मंग बादल्या कशा विकू, खाणाखुणा करून?" पण लावला न्हाई. त्याला मी लई दिवसांनी चांगला माणूस म्हणून राह्यलो, त्याला सांगू नको.

मी आत जाऊन जेवलो, माय.

ती दाराजवळच बसती, चुलीपुढं. उंच हाय. माझी उंची आबांवर गेली न्हाई असं सगळे म्हणायचे ना. केस पांढरे, हात मात्र असले जोरात चालतात की भाकरी तव्यावर पडायच्या आधीच फिरती. सगळे नंदामावशी म्हणतात. गिऱ्हाइकाला सोडत न्हाई. एक कंडक्टर उशिरा आला तर म्हणली, "काय साहेब, आज गाडी ढकलत आणली का?" मी तिसरी भाकरी मागितली तर म्हणली, "बाबू, पोट हाय का हापसा? मारू तितकं खाली जातंय."

हापसा म्हणली. मी घास तोंडात धरून बसलो. वाटलं आता म्हणेल, आता म्हणेल तो शब्द. तिनं शेजारच्याला मीठ दिलं, म्हणली, "जरासंच घ्या, भाजी खारट हाय." चहात साखर टाकताना पोराला ओरडली, "कमी टाक रे." जरासं. कमी. माय, तिनं तो शब्द टाकून दिलाय. हितं कुणाला कळत नसंल, किती दिवस एकट्यानं बोलणार? तिच्या तोंडात राह्यला न्हाई. तुझ्या तोंडात राह्यला.

गाडी लागली की ती मान वर करती. उतरणारी माणसं बघती. मी नीट पाह्यलं ती कुणाकडं बघती ते. ती लहान लेकरांकडं बघती. कडेवरच्या, बोट धरून चालणाऱ्या. मी तिच्या हाताच्या अंतरावर मिशा घेऊन बसलेला, आन ती माझ्या डोक्यावरून एका झबल्यातल्या पोराकडं बघून राह्यली होती. तिच्यासाठी मी वाढलोच न्हाई. तू मला इतकं खाऊ घातलंस, इतकं वाढवलंस, आन त्याची तिला खबरच न्हाई.

मंग ती पातेलं घेऊन आली. "अजून भाजी?"

एवढा एक शब्द बोलायचा होता. अंबडहून हितवर तोच घोळवत आलो होतो. तिनं पळी वर धरलेली, माझ्याकडं बघून राह्यलेली, आन मी म्हणलो, "थोडी."

थोडी! जन्मात कधी म्हणलो न्हाई माय. सरांच्या पुस्तकातला शब्द. तिनं थोडी वाढली आन गेली.

का म्हणलो ते मला कळत न्हाई. म्हणजे कळतं, पण लिहिता येत न्हाई. बुचूकभर म्हणलो असतो तर मी तिचा झालो असतो, तिथल्या तिथं, ताटावर बसल्या बसल्या. मंग तुझा कोण? तुझ्यावर इतका राग हाय की तुझ्या हातची भाकरी समोर आली तर ढकलून देईन. पण तुझा न्हाई असं म्हणायला तोंड उघडलं न्हाई. हे तूच करून ठेवलंस. त्याचाबी राग हाय.

एक गोष्ट रात्रभर डोक्यातून जाईना. तू सगळं पुसलंस. गाव पुसलं, नाव पुसलं, नगरच्या पुढचं अंकुश पुसलं. मंग हा शब्द का ठेवलास? मी तीन सालाचा होतो. दोन चापट्या मारून सोडवला असता, लेकरं महिन्यात विसरतात. वहिनींचा पोरगा मामाकडून शिव्या शिकून आल्ता, दिवाळीच्या आत विसरला. तू तर उलटं केलंस. तूच म्हणायला लागलीस. आबांना म्हणायला लावलंस. सरांशी भांडलीस. ज्या शब्दानं तू कधीबी पकडली गेली असतीस, तोच रोज चुलीपुढं बोलत राह्यलीस. कुणी त्या ओळीतलं माणूस एखाद्या दिवशी हसनाबादेत आलं असतं तर? भीती वाटली न्हाई? का वाट बघत होतीस?

हे मला फोनवर सांगू नको. आन 'घरी ये' म्हणू नको. मी घरी येईन का न्हाई ते मला म्हाईत न्हाई. तिला सांगेन का न्हाई तेबी. संपत संध्याकाळी निघू म्हणतो. तोवर मला काहीतरी एक करायचंय. उठून समोर जायचं, न्हाईतर टेम्पोत बसायचं. सायकलवाला म्हणतो, पंप मारायचा असंल तर मार, न्हाईतर फळकुट सोड.

थांब माय. भोकरदनची जीप आली. लई भरलेली, मागं दोघं लोंबकळून राह्यलेत. ती चुलीपासून मान वर करून बघून राह्यली, नेहमीसारखी. आधी पोती उतरली. एक बाई, तिच्या कडेवर लेकरू. ती त्या लेकराकडं बघून राह्यली. मंग एक म्हातारी, उतरता येईना म्हणून ड्रायव्हरनं हात दिला. हिरवं लुगडं. काठी.

माय, तू आलीस?

तुला तर बाजारापर्यंत चालवत न्हाई. वहिनी कुठंय? एकटी आलीस? पायात माझी जुनी चप्पल घालून आलीस.

तू मला पाह्यलं. मी हात वर केला न्हाई. तूबी न्हाई. तू रस्ता ओलांडून माझ्याकडं येशील वाटलं, पण तू वळलीस. तू तिकडं चाललीस. माय, मी हितून तुलाच लिहून राह्यलो आन तू माझ्यासमोर चालून राह्यलीस. हात थांबत न्हाई. थांबला तर मी पळून जाईन.

तू खानावळीच्या पायरीवर बसलीस. जीपचं इंजिन बंद झालंय, सगळं ऐकू येतंय.

ती म्हणली, "काय देऊ माय? जेवण का चहा?"

तू काठी बाजूला ठेवलीस. तिनं परत इचारलं, "दम लागला का? पाणी देऊ?"

"दे," तू म्हणलीस. "बुचूकभर."

तांब्या तिच्या हातात तसाच हाय. तव्यावरची भाकरी जळून राह्यली, वास हितवर आला, तिला भान न्हाई. ती वाकून तुझ्या तोंडाकडं बघून राह्यली. कंडक्टर म्हणतोय, मावशी, भाकरी! तुझे दोन्ही हात तिच्या पायावर हायत. तुझे ओठ हलून राह्यले, हितवर येत न्हाई काय म्हणतीस ते.

आता तू काठी उचललीस. काठीचं टोक रस्त्याच्या ह्या बाजूला, माझ्याकडं.

ती रस्त्यावर आली. हाताला पीठ हाय.